बार्सिलोनाचे मोबाइल प्रदर्शन : बडोद्याच्या लहान कारखानदाराने तेथे जाऊन काय पाहावे?

मकरपुरा_कनेक्टर (धागाकर्ता)

सर्व बडोदेकर मंडळींना नमस्कार. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) आमचा लहान कारखाना आहे. मोबाइल टॉवरवरील अँटेनाला लागणारे कनेक्टर आणि जंपर केबल आम्ही तयार करतो. पितळेचे सुटे भाग जामनगरहून येतात, मुलामा आणि जुळणी येथे होते आणि प्रत्येक नग चाचणी करूनच बाहेर पडतो. येत्या २ ते ५ मार्च २०२६ या दिवसांत बार्सिलोनाला मोबाइल वर्ल्ड काँग्रेस भरणार आहे. तेथे जावे की नाही, गेल्यास प्रेक्षक म्हणून जावे की स्टॉल घ्यावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

अडचण नीट मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपे जाईल. सुरुवातीच्या काळात रेडिओ यंत्रणा टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या खोलीत असे आणि तेथून वर अँटेनापर्यंत सात-अष्टमांश इंची जाड केबल चढवलेली असे. पुढे रेडिओचा डबाच वर नेऊन अँटेनाच्या मागे बसवण्यात आला. त्यामुळे जाड केबलचे काम कमी झाले, परंतु डबा आणि अँटेना यांच्यामध्ये दोन-तीन मीटरची जंपर केबल आली आणि आमच्यासारख्यांना काम मिळाले. आता ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात रेडिओ आणि अँटेना एकाच पेटीत सामावले आहेत. चौसष्ट प्रेषक आणि चौसष्ट ग्राहक असलेल्या त्या पेटीला खालून केवळ विजेची केबल आणि फायबर जाते. आमची जंपर तेथे लागतच नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्याकडे ५जी सुरू झाले आणि त्यानंतर ज्या वेगाने या पेट्या टॉवरवर चढल्या, तो वेग आम्ही आमच्या मागणीच्या वहीत पाहिला आहे.

वर्तमानपत्रांत या प्रदर्शनाची बातमी येते ती नव्या फोनची, घडीच्या पडद्याची आणि मोठ्या वक्त्यांच्या भाषणांची. मला त्यातले काहीही पाहायचे नाही. टॉवरवरचा कोणता भाग येत्या चार-पाच वर्षांत जाणार आहे आणि त्याच्या जागी काय येणार आहे, हे मागणी थांबण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे, एवढाच माझा हेतू आहे. त्यासाठी हे प्रदर्शन योग्य जागा आहे का?

दांडियाबाजारकर

योग्य जागा आहे. फक्त तिचे स्वरूप समजून गेले पाहिजे. दूरसंचार सेवेत रेडिओ विभागात आयुष्य काढले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

हे प्रदर्शन जीएसएमए ही मोबाइल सेवा कंपन्यांची जागतिक संघटना भरवते. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगनला १३ देशांतील दूरसंचार संस्थांनी एकच डिजिटल पद्धत स्वीकारण्याचा करार केला, त्यातून पुढे ही संघटना उभी राहिली. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये त्या पद्धतीवरचा पहिला कॉल झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीतील तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले. संघटनेची वार्षिक परिषद बरीच वर्षे फ्रान्समधील कान येथे होत असे. २००६ मध्ये ती बार्सिलोनाला आली, २००८ पासून तिला आजचे नाव मिळाले आणि २०१३ पासून ती फिरा ग्रान विया या प्रदर्शन संकुलात भरते. संकुलात आठ दालने आहेत आणि त्यांना जोडणारा उंचावरचा लांबलचक मार्ग आहे. २०२५ मध्ये तेथे सुमारे १ लाख ९ हजार लोक आले आणि २,९०० हून अधिक संस्थांनी भाग घेतला. बार्सिलोनाशी असलेला करार २०३० पर्यंतचा आहे, त्यामुळे यंदा जमले नाही तरी जागा कोठे जात नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, मुळात हा ग्राहकांनी, म्हणजे सेवा कंपन्यांनी, भरवलेला मेळा आहे. त्यांची एकत्र खरेदीशक्ती बाजाराला कसे वळण देते, याचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. फेब्रुवारी २००५ मध्ये कान येथील परिषदेत या संघटनेने ४० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या साध्या हँडसेटसाठी मोटोरोलाची निवड जाहीर केली आणि त्याच वर्षी पुढच्या टप्प्यात ३० डॉलरखालचे लक्ष्य ठेवले. अनेक विकसनशील देशांतील सेवा कंपन्या एकत्र येऊन मागणी नोंदवतात, तेव्हा स्वस्त फोन करणे निर्मात्याला परवडू लागते. आपल्याकडील खेडोपाडी फोन पोहोचण्यामागे अशा निर्णयांचाही वाटा आहे आणि त्याची बातमी त्या वर्षीच्या चकचकीत फोनांइतकी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तांत्रिक मानके या प्रदर्शनात ठरत नाहीत. ती ३जीपीपी या मानके ठरवणाऱ्या जागतिक मंचाच्या बैठकांत ठरतात आणि तेथील कामाचे मसुदे कोणालाही वाचायला खुले असतात. प्रदर्शनात दिसते ते त्या मानकांचे लोखंड, पितळ आणि प्लास्टिक. तुम्हाला नेमके तेच पाहायचे आहे, म्हणून जा असे सांगतो.

मात्र मोठ्या कंपन्यांच्या स्टॉलचा मोठा भाग भिंतींनी बंद केलेला असतो आणि आत केवळ निमंत्रितांनाच सोडतात. जानेवारी संपेपर्यंत भेटींच्या वेळा ठरल्या नसतील, तर चार दिवस बाहेरच्या पडद्यांवरची चित्रे पाहण्यात जातील. मध्यम आकाराच्या अँटेना कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे अभियंते स्टॉलवर उभे असतात आणि विषयातला माणूस भेटला की मनापासून बोलतात.

फतेगंज

माझे मत वेगळे आहे. भारतात जंपर विकत घेणारे किती आहेत? सेवा कंपन्या चार आणि टॉवर कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांचे खरेदी विभाग बहुतेक दिल्ली, गुरुग्राम आणि मुंबईत. २०१७ पासून दिल्लीत इंडिया मोबाइल काँग्रेस भरते आणि २०२५ मध्ये ती ८ ते ११ ऑक्टोबरला दिल्लीच्याच द्वारका भागातील यशोभूमी संकुलात झाली. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस सकाळी दिल्लीत असतो. शिवाय २७ सप्टेंबर २०२५ रोजी झारसुगुडा येथे बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले, त्यात साडेसत्त्याण्णव हजार टॉवरांची घोषणा झाली. हे ४जी कमी वारंवारितेच्या पट्ट्यांवर चालते आणि तेथील अँटेनांना जंपर लागतेच. मग हातचे काम सोडून युरोमध्ये खर्च का करावा?

आणखी एक धोका लक्षात घ्यावा. २०२० मध्ये प्रदर्शन २४ फेब्रुवारीला सुरू होणार होते. एकेका मोठ्या कंपनीने माघार घेतली आणि १२ फेब्रुवारीला ते रद्द झाले. मोठ्या कंपन्यांना तो तोटा सोसता आला. लहान कारखान्याचे वर्षभराचे भांडवल अशा एका स्टॉलमध्ये अडकले असते तर त्याने काय केले असते?

मकरपुरा_कनेक्टर

फतेगंज, दिल्लीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि आम्ही तेथे जातोही. परंतु दिल्लीतील खरेदी अधिकारी आज जे लागते त्याचा भाव विचारतो. उद्या काय लागणार, हे अँटेना आखणाऱ्याच्या टेबलावर ठरते आणि ती टेबले बहुतांशी युरोप, चीन आणि कोरियात आहेत. स्टॉलमध्ये भांडवल अडकण्याचा मुद्दा मात्र मला फार पटला आणि घरी तो मी तसाच वाचून दाखवला.

राजमहाल_रोड

मकरपुरा काका, मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे, त्यामुळे कनेक्टरविषयी बोलत नाही. सहभागाच्या मार्गांविषयी जे ठाऊक आहे ते सांगते.

स्वतंत्र स्टॉल हा एकच मार्ग नाही. दूरसंचार उपकरणे आणि सेवा यांच्या निर्यातीसाठी टीईपीसी ही निर्यात प्रोत्साहन परिषद आहे. तिच्यामार्फत भारतीय कंपन्या या प्रदर्शनात एकत्रित दालनात सहभागी होतात. मार्च २०२५ मध्ये दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी तेथे भारत दालनाचे उद्घाटन केले, तेव्हा त्यात ३८ भारतीय उपकरण निर्माते होते. अशा दालनात लहान जागा मिळते, मांडणीची जबाबदारी वाटली जाते आणि भारतीय पुरवठादार शोधत आलेला परदेशी खरेदीदार आपोआप समोरून जातो. परिषदेचे सदस्यत्व आणि नोंदणी प्रमाणपत्र मात्र आधी घ्यावे लागते. लघुउद्योग मंत्रालयाची आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनाही आहे. उद्योग संघटनांमार्फत परदेशी प्रदर्शनांत जाणाऱ्या लहान उद्योगांना त्या योजनेतून जागेचे भाडे, विमान प्रवास आणि मालवाहतूक यांसाठी साहाय्य मिळू शकते. प्रथमच निर्यात करणाऱ्यांना चाचणी आणि प्रमाणन यांच्या खर्चासाठीही तिच्यात तरतूद आहे. आपल्या संघटनेने अर्ज केला आहे का, हे आधी विचारा, कारण ही साहाय्ये बहुधा एकट्या कारखान्याच्या नावाने मिळत नाहीत.

नवउद्योगांसाठी त्याच प्रदर्शनात २०१४ पासून फोरवायएफएन नावाचा स्वतंत्र विभाग असतो, पण तो गुंतवणूकदार शोधणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या कामाचा नाही.

नोंदणीच्या वेळी ओळखीसाठी पारपत्राचा तपशील आणि छायाचित्र मागतात. चेहरा ओळखून प्रवेश देण्याची सोय आली होती आणि २०२१ च्या प्रदर्शनातील त्या पद्धतीबद्दल स्पेनच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने जीएसएमएला २ लाख युरोंचा दंड केला. आपली जैविक माहिती कशासाठी घेतली जात आहे, हे वाचूनच संमती द्यावी. एवढ्या मोठ्या तंत्रज्ञान मेळ्यातही हा प्रश्न विचारणारी एक निमंत्रित वक्ती निघाली आणि तिची तक्रार ऐकली गेली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

सुरसागर_काठ

मी प्रदर्शनात नमुने घेऊन जाण्याविषयी लिहितो. आमचे क्षेत्र मोजमाप उपकरणांचे आहे, पण कागदपत्रे सारखीच.

चार-दोन कनेक्टर खिशात घालून नेणे वेगळे आणि चाचणी यंत्रासह पेटीभर नमुने नेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात एटीए कार्नेट घ्यावे. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्याचा तो परवाना आहे आणि त्यावर तेथे आयात शुल्क भरावे लागत नाही. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. त्याच्या माल यादीत प्रत्येक वस्तू क्रमांक, वजन आणि किंमत यांसह लिहावी लागते. वाटण्यासाठी नेलेली पत्रके, भेटवस्तू आणि तेथेच विकायचा माल कार्नेटमध्ये धरत नाहीत; त्यांची वेगळी व्यवस्था करावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. कार्नेटमधील प्रत्येक टप्प्याचा शिक्का मिळवण्याची जबाबदारी आपली असते. भारतातून निघताना, युरोपीय संघात शिरताना, तेथून बाहेर पडताना आणि भारतात परतताना असे चार शिक्के लागतात. युरोपीय संघ हा एकच सीमाशुल्क प्रदेश असल्यामुळे विमान आधी फ्रँकफर्टला किंवा पॅरिसला उतरत असेल, तर प्रवेशाचा शिक्का तेथे घ्यायचा की बार्सिलोनाला, हे आधीच विचारून ठेवावे. आमच्या बाबतीत मालवाहतूक करणाऱ्या एका मध्यस्थाने परतीचा शिक्का न घेताच पेटी विमानात चढवली. माल बडोद्यात कपाटात असताना तो युरोपात विकला गेला असे धरून शुल्काची मागणी आली आणि माल परत आल्याचे सिद्ध करण्यात कित्येक महिने गेले. म्हणून कार्नेटचा संच मध्यस्थाच्या हाती देऊ नका. सीमाशुल्काच्या खिडकीशी स्वतः उभे राहा आणि शिक्का पाहूनच पुढे जा.

व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे जोड विमानासाठी हातात भरपूर वेळ ठेवा. बार्सिलोना विमानतळावरून प्रदर्शन संकुलापर्यंत मेट्रोची थेट ९ क्रमांकाची मार्गिका आहे, म्हणून मध्यवस्तीत महाग खोली घेण्यापेक्षा त्या मार्गिकेवर किंवा लोकल गाडीच्या वाटेवर असलेल्या उपनगरात राहावे.

जाता जाता एक. टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांचा कारखाना आपल्याच शहरात आहे. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या उद्घाटनाला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ येथे आले होते. त्या कामाशी संबंधित कोणी ओळखीचे असेल, तर स्पॅनिश कंपन्यांना गुणवत्तेचे कागद कोणत्या स्वरूपात लागतात हे त्यांच्याकडून समजून घ्या.

हिशेबनीस_अलकापुरी

सुरसागर यांनी सीमाशुल्काची बाजू सांगितली. जीएसटीची बाजू राहिली आहे आणि तिच्याकडे पुष्कळ कारखानदारांचे दुर्लक्ष होते. १८ जुलै २०१९ च्या १०८ क्रमांकाच्या परिपत्रकानुसार प्रदर्शनासाठी परदेशी नेलेला माल हा त्या क्षणी पुरवठा ठरत नाही. म्हणून तो बीजकावर न पाठवता डिलिव्हरी चलनावर पाठवावा. मात्र सहा महिन्यांच्या आत तो विकला गेला पाहिजे किंवा परत आला पाहिजे. तसे न झाल्यास सहा महिने पूर्ण होताच तो पुरवठा मानला जातो आणि बीजक करावे लागते. कार्नेटची मुदत वर्षाची आणि ही मुदत सहा महिन्यांची, हा फरक लक्षात ठेवा. कोणते नमुने परत आले आणि कोणते ग्राहकाने ठेवून घेतले, याची नोंद विमानतळावरून परतल्याच्या दिवशीच करा.

मकरपुरा_कनेक्टर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या तपशिलाने कोणी सांगेल अशी अपेक्षा नव्हती. वाचून जे ठरवले ते लिहितो.

यंदा स्टॉल घ्यायचा नाही. मी आणि आमच्या चाचणी विभागाची प्रमुख असलेली सूनबाई, असे दोघे प्रेक्षक म्हणून जाणार आहोत. मध्यम आकाराच्या अँटेना कंपन्यांची यादी आम्ही करत आहोत आणि प्रत्येकीला लिहिताना सोबत आमच्या पिमच्या, म्हणजे कनेक्टरमध्ये लहरी मिसळून होणाऱ्या बिघाडाच्या, मोजणीचा तक्ता पाठवत आहोत. आमच्या धंद्यात ओळख पटते ती याच तक्त्यावरून, म्हणून वेगळ्या क्षेत्रातील वाचकांसाठी तो समजावून सांगतो.

टॉवरवरून एकाच वेळी दोन प्रबळ लहरी बाहेर जात असतात. कनेक्टरमधला स्पर्श कोठे सैल असेल, मुलाम्याखाली लोह किंवा निकेल असेल किंवा धातूचा बारीक कीस राहिला असेल, तर तेथे त्या दोन लहरी मिसळून तिसरीच लहर तयार होते. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे उदाहरण घ्या. टॉवर ९३५ आणि ९६० वर बोलत असेल, तर ९३५ च्या दुपटीतून ९६० वजा केल्यावर ९१० येतात आणि ग्राहकांचे फोन टॉवरशी ८९० ते ९१५ च्या दरम्यान बोलतात. म्हणजे कनेक्टरने निर्माण केलेला आवाज नेमका फोनच्या क्षीण आवाजावर पडतो. कॉल तुटतात, इंटरनेट मंदावते आणि दोष मात्र कोणाला सापडत नाही. आयईसी ६२०३७ या मानकाप्रमाणे प्रत्येकी २० वॉटच्या दोन लहरी सोडून आम्ही हे मोजतो आणि त्या मिश्र लहरीची पातळी मूळ लहरीपेक्षा १६० डेसिबलने किंवा त्याहून खाली असली, तरच नग मान्य करतो. मोजणी चालू असताना सूनबाई केबल हाताने वाकवते आणि कनेक्टरवर हलके टकटक करते. स्थिर अवस्थेत उत्तम दिसणारा नग त्या टकटकीने पडद्यावर उसळी मारतो, तेव्हा तो बाजूला काढला जातो. टॉवरवर वारा असतो, हे ती नव्या कामगारांना पहिल्या दिवशी सांगते.

ही शिस्त जंपरपुरती मर्यादित नाही, असे मला मनापासून वाटते. पेटीतल्या रेडिओलाही आतून सांधे असतातच. ते कोण करते आणि कोणत्या मापाचे असतात, हे मला बार्सिलोनाला विचारायचे आहे.

शेवटचा प्रश्न दांडियाबाजारकरांना. अँटेना कंपनीच्या स्टॉलवर वेळ थोडा मिळाला, तर पहिल्यांदा काय पाहावे?

दांडियाबाजारकर

अँटेनाची तळपट्टी पाहा. स्टॉलवर सगळे समोरून पाहतात आणि समोरचे आवरण सगळ्यांचे सारखेच असते. खाली वाकून जोडण्या मोजा आणि त्यांची जात लिहून घ्या. जुने ७/१६ जातीचे कनेक्टर किती उरले, त्यांच्या जागी ४.३-१० किती आले, चार-पाच जोडण्या एकाच तोंडात घेणारे समूह कनेक्टर आले आहेत का आणि लहान केंद्रांसाठीच्या अँटेनांवर नेक्स१० दिसतो का, हे पाहा. ७/१६ आवळायला २५ ते ३० न्यूटन-मीटर लागत असत, ४.३-१० ला पाचच पुरतात आणि तो आकारानेही लहान आहे. त्यामुळे एकाच तळपट्टीवर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या बसू लागल्या. वरच्या पट्ट्यात तुमची जंपर गेली हे खरे, पण खालच्या पट्ट्यांच्या अँटेनांत आठ-दहा जोडण्या असतील, तर तितक्याच जंपर लागतील आणि त्या बारीक, आखूड आणि अधिक काटेकोर असतील. तुमची आजची यंत्रे त्या मापाला उतरतात का, हा हिशेब स्टॉलवर उभ्या उभ्या करता येईल.

त्यानंतर एकात्मिक पेटीच्या खाली पाहा. तिला जाणारी उणे ४८ व्होल्टची वीज आणि फायबर आता पुष्कळ ठिकाणी एकाच संमिश्र केबलमधून नेतात. ती टोकाशी जोडून, पाणी शिरणार नाही अशी बंद करून तयार स्थितीत कोण पुरवतो, हे विचारा. बडोद्याच्या आसपास केबल करणारे पुष्कळ आहेत आणि टोकांची काटेकोर जुळणी तुम्हाला येते. तळपट्ट्यांची छायाचित्रे घेण्यापूर्वी मात्र परवानगी विचारा. नाही म्हणाले तर वहीत आकृती काढा, त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. परत आलात की ती आकृत्यांची वही घेऊन घरी या, आपण प्रत्येक जोडणीवर बसून बोलू.